गेलो म्हणायचं ते येतो म्हणालो

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण खोलीत चार खाटा आहेत, मधल्या जागेत पाचच अंगं मावतात. उरलेली तीन माझ्याकडे बाकी धर.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला गेला, की अजून तोच घरात सगळ्यांच्या आधी उठतो? मी मजेत आहे. अंगावर मांस चढलंय असं सगळे म्हणतात, माझं म्हणणं आहे की पँट आटली.

आतोबांनी गोदीतल्या मुकादमाकडे माझ्यासाठी शब्द टाकला, जागा मिळवली, एक तारखेला हजर हो म्हणून कळवलं, ते सगळं पोचलं. ही तुझी पाचवी नोकरी, आता तरी बूड टेक, असं तू खाली लिहिलंस तेही पोचलं. (ते वाक्य तू दोनदा लिहिलंयस. पहिल्यांदाच कळलं होतं.) आता इथल्या मालकाला मी चाललो एवढं सांगायचं तेवढं बाकी होतं. ते सांगायला गेलो आणि काय झालं ते लिहितो. आतोबांना वाचून दाखव, पण जेवणं झाल्यावर.

आमचा कारखाना तंबूंचा, हे तुला ठाऊक आहे. त्यात मी दोन वर्षं फक्त दाराची चेन बसवतो. कापड बेतणारा वेगळा, दोऱ्या ओवणारा वेगळा. अख्खा तंबू उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि खरी गंमत म्हणजे मालकानेही नव्हता. वीस वर्षं माणूस तंबू विकतोय आणि झोपतोय पलंगावर. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने चिडून लिहिलं, की तुमच्या तंबूत एकदा तुम्हीच राहून दाखवा. मालकाच्या सासूबाईंनी ते पत्र वाचलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं. म्हातारी बोलली म्हणजे विषय मिटला. शनिवारी मालक, मालकीणबाई, सासूबाई आणि मागच्या सीटवर तंबूच्या खाली मी, अशी वरात रानात निघाली. मी म्हटलं बरं झालं, दोन दिवसांत कधीतरी बोलता येईल.

आता मधे एक सांगायचं राहील म्हणून सांगतो. इथे नाना मुलखांची माणसं आहेत आणि प्रत्येकाची भेटायची तऱ्हा निराळी. मालकाची माणसं हात धरतात आणि घरच्या सगळ्यांची चौकशी संपेपर्यंत सोडत नाहीत. (मोठं घर असेल तर हाताला मुंग्या येतात.) मालकीणबाईंच्या माहेरची माणसं गालाला गाल लावतात, तीनदा, आणि सुरुवात डावीकडून. मी पहिल्या दिवशी उजवीकडून केली, तर म्हातारीच्या आणि माझ्या नाकाची अशी टक्कर झाली की तिचा चष्मा माझ्या खिशात पडला. तेव्हापासून ती मला जवळच्यातला समजते. मला हे सगळं बघायचा नादच लागलाय. माझं मत असं, की भेटणं हे चेनीसारखं आहे. दोन्ही बाजूंनी खालच्या पहिल्या दातापासून लागलं पाहिजे. एक दात हुकला की वरपर्यंत सगळं वाकडं जातं, मग कितीही ओढा.

तर तंबू उभा राहिला. (दोन तास लागले, आधी तो उलटा उभा राहिला होता, ते आतोबांना वाचू नकोस.) सगळे आत गेल्यावर मी अदबीने बाहेरून चेन लावून दिली आणि गाडीत जाऊन झोपलो. सकाळी पाण्याला गेलो. परत येतो तो तंबूपुढे ही गर्दी. शेजारच्या तंबूंतली माणसं रिवाजाप्रमाणे भेटायला आलेली, आणि आमची मंडळी काही केल्या बाहेर येईनात. कारण चेन ओढायची पट्टी मी फक्त बाहेरून बसवलेली. दोन वर्षं तशीच बसवतोय! हवेसाठी वितीएवढी खिडकी होती, त्यातून मालकाचा हात बाहेर आलेला आणि तो एका गृहस्थाने धरलेला. एक कुटुंब छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरून उभं होतं, कारण त्यांच्यात यजमान दिसल्याशिवाय हात खाली घेत नाहीत. आणि म्हातारी त्याच खिडकीतून गाल बाहेर काढायची खटपट करत होती. मदत कुणीच करेना. त्या बिचाऱ्यांना वाटलं, ह्या लोकांची भेटायची तऱ्हाच अशी असेल.

मी चेन उघडली. मालक बाहेर आला, पट्टी आतून बाहेरून निरखून पाहिली आणि एवढंच म्हणाला, "गिऱ्हाईक खरंच बोलत होतं." मला वाटलं, चला, आता हाच मला काढेल, माझं बोलणं वाचेल. पण त्याने सुई-दोरा हातात दिला. मी पट्टी आतून शिवायला बसलो, म्हातारीने कापड ताणून धरलं. तेव्हा मान खाली घालून सांगून टाकलं, की एक तारखेपासून गोदीवर जातोय.

कुणी ओरडलं नाही. मालकाने विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

मी नाही म्हटलं.

"मग?"

आत्या, याआधी तीन नोकऱ्या सोडल्या, पण "मग?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. सुई बोटात गेली. मालकाने माझा हात धरला आणि तुझी, आतोबांची, आईची, सगळ्यांची चौकशी केली. म्हणाला, सुखाने जा.

संध्याकाळी मला खोलीपाशी सोडलं. इथे कायमचं निघताना गेलो म्हणतात, आणि मागे राहणारे मान हलवतात, संपलं. आपल्यात जातो म्हटलं की पाठीत धपाटा. तर म्हातारीने तीनदा गाल लावले आणि माझ्या तोंडून आपल्या वळणाने निघून गेलं, येतो. ह्यांच्या भाषेत, सोडलेल्या कामाबद्दल येतो म्हटलं म्हणजे सोडलेलं परत घेतलं. म्हातारीने मालकाच्या दंडाला चिमटा काढला. मालकीणबाई म्हणाल्या, "मग सोमवारी आठला." आता एवढी माणसं हसताहेत, तिथे व्याकरण कुठे काढत बसू?

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुझा,
चेनवाला

ता.क. तेव्हा एवढं कर. गोदीची वाट मी बघत नाही, मुकादमानेही माझी बघू नये, हे आतोबांना तू सांग. चूक भाषेची झाली, पोराची नव्हे, असं सांग. खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर सांग, तेव्हा आवाज कमी असतो.

ता.क. दुसरा. हा तुझ्यापुरता. निघताना इथे काय म्हणतात, ते मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे.