पाण्याचा अचूक रंग

२ फेब्रुवारी, रविवार
धाकटा भाऊ आला होता. हातात खोका. खोक्यात जॉयस्टिकची जोडी. आणि त्यांतल्या एकीच्या पोटात, त्याच्या म्हणण्यानुसार, आमच्या लहानपणीचा अख्खा कॉम्प्युटर. टीव्हीला वायर जोडली की सगळे जुने खेळ हजर. त्यांत आमचा होडीचाही आहे: एका होडीत दोघे, एकाने डावे वल्हे मारायचे, दुसऱ्याने उजवे. त्या खेळापायी आम्ही शाळेचे एक अख्खे वर्ष वाया घालवले. (मी तरीही पहिला आलो, हे नमूद करतो.)

त्याच्या डोळ्यांमागच्या शिरा सुकत चालल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, उपाय नाही. साधारण दोन महिन्यांत नजर जाईल, काय पाहायचे ते पाहून घ्या. शहाणी माणसे अशा वेळी समुद्र पाहतात. याला हा खेळ पाहायचा आहे, आणि तोही माझ्या शेजारी बसून.

‘साधारण दोन महिने.’ त्रुटीमर्यादा सांगितलेली नाही. जिला त्रुटीमर्यादा नाही ती मुदत नव्हे, अफवा.

लावून पाहिला. नदीचे पाणी जांभळे. तत्काळ बंद केला. धाकटा म्हणाला, असू दे रे. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा चालवणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाने ‘असू दे’ म्हणावे, यापरते दुर्दैव नाही. माझ्या सहीशिवाय रंगाचा एक डबा फाटकाबाहेर पडत नाही. त्याला सांगितले, पुढच्या रविवारी ये. तोवर पाणी दुरुस्त.

४ फेब्रुवारी
जॉयस्टिक उघडली. आतले काम पाहून लाज वाटली. अर्थात ज्यांनी केले त्यांच्या वतीने. रंग ठरवणारे रेझिस्टर चुकीच्या मापाचे बसवले आहेत. ते बदलले की झाले. किरकोळ काम.

९ फेब्रुवारी, रविवार
धाकटा वेळेवर हजर. रेझिस्टर मात्र आलेले नव्हते. त्याला पुरवठादारांच्या बेजबाबदारपणाविषयी सविस्तर सांगितले. ऐकून घेतले. चहाचा कप ठेवताना त्याचा टेबलाच्या कडेचा अंदाज चुकला, कप गेला. माझा परदेशातून आणलेला सेट कायमचा अपुरा झाला. वेंधळेपणा वयाने जात नाही, हा निष्कर्ष.

सौ.चे मत: जांभळ्या पाण्यात होडी बुडत नाही. तिला विचारले नव्हते.

१६ फेब्रुवारी, रविवार
रेझिस्टर बसवले. पाणी आता निळे. निळेच, निळसर राखाडी नव्हे. मूळ रंग निळसर राखाडी होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. धाकट्याचे म्हणणे, आपल्या घरच्या टीव्हीवर ते जांभळेच दिसायचे, तो टीव्हीच बिघडलेला होता. स्मरणशक्तीवर विसंबणारे लोक रंग जुळवू शकत नाहीत, एवढेच मी म्हणालो.

एकच डाव, असा त्याने बराच आग्रह धरला. मी ठाम राहिलो. अर्धवट गोष्ट दाखवून त्याची शेवटची आठवण बिघडवायची? इतका निष्ठुर मी नाही.

जाताना नीट निरोपही घेतला नाही. माझ्या कानाकडे बघत बोलत होता. रुसला की नजर चुकवायची, ही त्याची जुनी खोड.

२२ फेब्रुवारी
चूक सापडली. दोष जॉयस्टिकचा नसून आमच्या सपाट टीव्हीचा. असला टीव्ही प्रत्येक रंगाला स्वतःची अक्कल शिकवतो. जुना, काचेच्या नळीचा टीव्हीच हवा. धाकट्याला फोनवर आनंदाने सांगितले. त्याने उद्या येऊ का, एवढेच विचारले. बहुधा माझ्या विश्लेषणाने थक्क झाला असावा.

२ मार्च, रविवार
टीव्ही मिळाला. दोन हमालांनी वर आणला. सौ. विचारते की जेवणाचे टेबल आता कायमचे गॅलरीत राहणार का. क्षुल्लक प्रश्न.

प्रयोगशाळेतून रंगमापक आणला. मापन व्हायचे तर खोलीत प्रमाणित उजेड हवा, म्हणून रंगाची शेड तपासायचा पांढरा दिवाही आणला. तो सतत चालू ठेवावा लागतो. डोळे दिपतात, पण शास्त्र हे शास्त्र.

धाकट्याला आज येऊ नकोस म्हणालो. तो तरीही आला. उंबऱ्याला अडखळला. मग खुर्चीत बसून राहिला, माझे काम ‘बघतो’ म्हणाला. बघत कसला, तोंड खिडकीकडे होते. अधूनमधून त्या खेळातल्या गोष्टी सांगत होता: मी नेहमी उशिरा वल्हे मारायचो, होडी खडकावर जायची, आणि मी दोष त्याला द्यायचो. हे धादांत खोटे आहे. मी खोडून काढले. तो खूप हसला.

११ मार्च
आवाजात घरघर. टीव्हीचा स्पीकर काढून ठेवला. आधी रंग, मग आवाज. एका वेळी एकच घटक बदलावा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते.

१५ मार्च
भावजयीचा फोन. एरवी मोजके बोलते, आज सुटलीच. म्हणाली, “दादा, ते ताटात चाचपडायला लागलेत. तुम्हाला ती निळाई-राखाडी जी काय करायचीय ती नंतर करा. या रविवारी खेळा हो त्यांच्याबरोबर.”

भावनेच्या भरात माणसे अतिशयोक्ती करतात. तिला समजावले की उद्यापर्यंत काम ऐंशी टक्के होईल. ती म्हणाली, ऐंशी चालेल. हाच तर या घराण्याचा फरक. ती बाहेरून आलेली आहे. तिला दोष नाही.

१६ मार्च, रविवार
ऐंशी टक्के झाले. कळवले नाही. ऐंशी टक्क्यांवर मी आयुष्यात सही केलेली नाही.

सौ. सकाळपासून बोलत नाही. एकदाच बोलली. विचारले की तुम्हाला त्याच्या शेजारी बसायची भीती वाटते का. स्वयंपाकघरात उभे राहून मानसशास्त्र सांगणे सोपे असते. मला भीती कसली? मी काम करतो आहे.

(रेझिस्टरला पुन्हा डाख देताना हात भाजला. सोल्डरिंगची तार निकृष्ट.)

२३ मार्च, रविवार
धाकटा आला नाही. चांगले झाले, एकाग्रता साधली. मात्र दाराची बेल वाजल्यासारखे दोनदा वाटले. बेल तपासून घेतली पाहिजे.

२९ मार्च
जमले. रंगमापकाचा आकडा जुन्या कॉम्प्युटरच्या माहितीपत्रकातल्या मूळ आकड्याशी तंतोतंत. निळसर राखाडी, कडेला किंचित हिरवट झाक, जशी असायला हवी तशीच. बराच वेळ पाहत बसलो. नदी स्थिर आहे, होडी काठाला लागलेली, दोन्ही नावाडी वल्हे उचलून वाट पाहत आहेत.

भावजयीला फोन केला. उद्या घेऊन ये, म्हणालो. ती फक्त ‘हो’ म्हणाली. निदान उत्साह दाखवायचा.

३० मार्च, रविवार
आले. भावजयीने त्याचा दंड धरला होता. सौ.ने खुर्ची मागे ओढून दिली, त्याने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून अंदाज घेतला आणि बसला. दाढी नीट झालेली नव्हती; अशा दिवशी तरी करायची.

मी दिवा लावला. टीव्ही लावला. उजवी जॉयस्टिक त्याच्या हातात दिली. त्याने अंगठ्याने बटण शोधले आणि हसला. मग मी प्रास्ताविक केले: मूळ दोष काय होता, तो कसा शोधला, सपाट टीव्ही का नाकारला. समोर पाणी होते. इतके अचूक पाणी मी स्वतः लहानपणी पाहिले नव्हते. बोलताना लक्षात आले की बायका दोघीही पडद्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघताहेत.

धाकट्याने शांतपणे ऐकून घेतले. जॉयस्टिक मांडीवर धरून, चेहरा पडद्याच्या अगदी समोर. मी थांबल्यावर त्याने विचारले,
“दादा, लावलास का?”

स्पीकर काढलेला होता. पांढऱ्या दिव्याचा उजेड सगळ्या खोलीभर पसरला होता. पडदा त्याच्या हातभर अंतरावर होता.

मी म्हणालो, “नाही अजून. थोडं काम राहिलंय.”

भावजयीने तोंडावर पदर धरला. धाकट्याने मान हलवली. जॉयस्टिक मांडीवरून उचलली आणि मी बसलो होतो त्या दिशेला, थोडीशी चुकीच्या जागी, पुढे केली.

“बरं,” तो म्हणाला. “घाई नको करूस. नीटच कर.”