उपकेंद्रातली दुसरी झीनत

४ नोव्हेंबर
आले एकदाची! मैंदर्गीच्या पुढे सात किलोमीटरवर माझं आरोग्य उपकेंद्र. अब्बांनी सोलापूरहून गादी, शेगडी, कडक भाकऱ्यांची चळत, सगळं टेम्पोनं आणून दिलं. दोन खोल्या, नवा चुना, दारात कडुलिंब. इथल्या आशा सेविका म्हणजे बजाबाई. गावातलं प्रत्येक बाळ त्यांना जन्मतारखेसकट पाठ. नर्सची जागा तीन वर्षं रिकामी होती म्हणे. आता मी आहे की!

१९ नोव्हेंबर
तीन गावं आणि एकटी मी. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरभेटी; मग तेच सगळं वहीत, तेच पुन्हा मोबाइलवर. काल जेवता जेवता घास हातात धरूनच झोप लागली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सोमशेखरांकडे आणखी एक नर्स मागितली. मागणी वर पाठवलीय, तोवर सांभाळून घ्या, म्हणाले.

३ डिसेंबर
दोन दिवस तापानं अंथरुणातच होते. आज घरभेटींना निघाले, तर बजाबाई चकित. म्हणाल्या, "बाई, कालच सगळी घरं केलाव की तुमी! कुणासंगं बोलला न्हाय, तेवढंच."
वही उघडली. पानं भरलेली. खाली माझी सही.

५ डिसेंबर
डॉक्टरांना वही दाखवली. खूश झाले. पहिल्यांदाच महिन्याचं काम वेळेत झालं, म्हणाले. ते मी केलेलं नाही, हे ऐकूनच घेतलं नाही. रजा मागितली. नाही मिळाली.

९ डिसेंबर
भर दुपारी दिसली. तुरीच्या रानातल्या वाटेनं येत होती. माझाच चेहरा, खांद्याला लसीचा डबा. डोळे उघडे — पण झोपेतच. हाक मारली, थांबली नाही. चालत होती ती, आणि पाय भरून येत होते माझे.

१० डिसेंबर
गावातल्या आरोहीच्या बाळाला काल सकाळी मी लस दिली. संध्याकाळी त्या दुसरीनं परत दिली. बाळ तापानं फणफणलं, अक्कलकोटला न्यावं लागलं. वाचलं. उद्याच्या यादीत पुन्हा त्याचंच नाव — अक्षर माझं.

११ डिसेंबर
यादी फाडली. डॉक्टरांना लिहून दिलं — झेपेल तेवढंच करीन, माझ्याच कामाखाली सही करीन. बाळ घरी आलंय. मी आरोहीच्या उंबऱ्यावर बसलेय. बजाबाई शेजारी.

दुपारी
आली. सांगितलं तिला, आज सुट्टी. माझी. तुझीही.
ऐकत नाही. सुई काढली —
बजाबाई विचारतायत, खरी झीनतबाई कुठली. जी नाही म्हणते ती, म्हटलं.
डोळे मिटतायत माझे. तिचा हात माझ्या दंडावर — गार —
बाळाला टोचू देणार नाही. उठणार नाही मी. दार नाही सोडणा