आई काय म्हणाली

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. शिवणाच्या कारखान्यात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या भावजींचा खोकला एकदाचा गेला. तू पाठवलेला लेख मिळाला.

‘सीमांतीकरण’ हा शब्द मी दोनदा वाचला. काही माणसांना समाजाच्या कडेला ढकलणं, असा तू त्याचा अर्थ देतोस, आणि खाली उदाहरणाला मला घेतोस, ‘माझ्या बहिणीला ऐकू येत नाही.’ विचारायची तसदी तरी घ्यायचीस. पण जाऊ दे, माझा राग त्याचा नाही.

मला कोणी ढकललेलं आठवत नाही. जेवताना तुम्ही सगळे हसायचात, मी काय झालं विचारलं की ‘नंतर सांगतो.’ माझ्या लग्नाची बोलणी माझ्यादेखत झाली, तीही मला नंतरच कळली. एक आईच माझ्याशी बोलताना खिडकीकडे तोंड करून बसायची, ओठांवर उजेड पडावा म्हणून. आमच्या कारखान्यातले कटिंग मास्तरसुद्धा आधी टेबलावर थाप मारतात, मी बघितलं की मगच बोलतात. तू एवढा प्राध्यापक झालास, तुला हे उभ्या आयुष्यात जमलं नाही.

शेवटच्या दिवशी इस्पितळात आई बोलायला लागली आणि तुम्ही सगळे तिच्यावर वाकलात. माझ्यासमोर फक्त तुझी पाठ होती, निळ्या शर्टातली. मी तुझा दंड ओढला. तू मागे न बघता हातानेच मला थोपवलंस. तुम्ही बाजूला झालात तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते आणि तुझी बायको रडत होती. आई काय म्हणाली, मी विचारलं. ‘ताई, नंतर.’ तेवढं तुझ्या ओठांवरचं मला चष्म्याशिवाय वाचता येतं.

त्यानंतर तुला एवढा मोठा लेख लिहायला वेळ झाला. मला एक वाक्य सांगायला झाला नाही. संताप येतो रे मला, मशीनवर बसल्या बसल्यासुद्धा.

लेखातून मला काढ. आणि या रविवारी ये. चहा करीन, भांडणार नाही. आईसारखा खिडकीकडे तोंड करून बैस आणि ती काय म्हणाली ते सांग. त्यात माझं काही नसलं तरी सांग. लिहून मात्र पाठवू नकोस. तिचे शब्द मला ओठांवर बघायचेत.

अजून तुझ्या पाठीमागेच उभी असलेली,
ताई