दोघींची केबिन

२ डिसेंबर, मंगळवार
सुलभाचा फोन. साठी उलटली, आता जायचंच म्हणते. आठवीत गाइडच्या कॅम्पला एका तंबूत झोपलो होतो, तेव्हाच ठरलं होतं की म्हाताऱ्या झालो की परत. आता तंबूत वाकून शिरायला तिचा गुडघा तयार नाही, म्हणून केबिन. पायऱ्या कमी हव्यात, बाथरूम आत हवी. "शोधायचं काम तुझं, नलू. माझ्याच्यानं ते होत नाही." कधी झालंय!
हे गेल्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हापासून लग्नं-मुंजी सोडून कुठे गेलेच नाही. फोन ठेवल्यावर उगाच कपाट उघडून स्वेटर बघितले.

७ डिसेंबर
पिंपळनेरकडच्या एका ठिकाणाचे फोटो फार सुंदर. फोन केला. "मॅडम, शनिवारी डीजे फ्री आहे." नको बाबा. शिवाय जळगावहून धुळं, आणि धुळ्याहून पुढे तितकंच; सु.चा पाय गाडीत आखडतो.
दुसरं एक धरणाजवळ. तिथे रेल्वेसारखे एकावर एक पलंग. सु. म्हणाली, "वरचा बर्थ तुझा, मी टी.सी." किती वेळ हसत होतो.

१४ डिसेंबर, रवि.
रावेरपुढचं पाल गाव बघून आले, ड्रायव्हर घेऊन. रावेरपर्यंत केळीच्या ट्रकांमागे रांगत गेलो. नंतर रस्ता वर चढला आणि सातपुडा एकदम जवळ आला. केळीच्या बागेच्या टोकाला चार लाकडी केबिन. समोर अंगण, चूल, मागे टेकडी. हेच. गाडीतून उतरण्याआधीच मनानं ठरवलं होतं.
मालक केळी भरण्याच्या कामावर होते. त्यांची बायको रेखा हिनं सगळं दाखवलं. कोपऱ्यातली केबिन दिसायला छान, पण तिच्यावर ऊन उशिरा येतं, पाणी सोलरचं. मधल्या केबिनला सकाळीच गरम. पायरी एकच. पलंग मऊ.
रेखा म्हणाली, "वांगे कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजून दीन. गॅसवरचं भरीत आमच्याइथी कोनी खात नाही." मग माझ्या टिकलीकडे बघून, "भाऊले नाही आनलं?"
"नाही," म्हटलं. तेवढंच.
१७ जानेवारी, शनिवार ठरला. सु.ला केबिनच्या दारातूनच फोन लावला. तिनं किंचाळून घेतलं.

२८ डिसेंबर
सु.कडे जेवायला. काय काय न्यायचं ते बोलत बसलो. मी भेळेचं सामान, ती तिचा तो जुना थर्मास. दिनेशराव (तिचे यजमान) मध्येच म्हणाले, "आम्हाला सोडून मजा करा हं." ती म्हणाली, "करणारच!"
शाळेत आमच्या वर्गात असलेल्या तिघींनाही तिनं फोटो पाठवले म्हणे. "जळल्या सगळ्या." मला तेव्हा फार आवडलं ते.

९ जानेवारी
सु.चा गुडघा सुजलाय. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं. फेब्रुवारीत जाऊ. आवाज बारीक होता. मीच तिची समजूत घातली. जरा रडूही आलं, पण ते काय, सहलीसाठी कोणी रडतं का या वयात.

१० जानेवारी
तारीख पुढे ढकलायला पालला फोन केला. रेखानं उचलला.
"कायले ढकलता, ताई? सुलभाताईचा फोन झाला ना कालच. चार जोड्या येऊन राहिल्या सतरा तारखीले, चारी केबिनी लागतीन. हयदीकुकवाले पाट आहे का, ते बी इचारत होत्या. तुमी अन् भाऊ कोन्ती घेतान?"
मला आधी कळेचना. चार जोड्या म्हणजे सु. आणि त्या तिघी. नवऱ्यांसकट. संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच.
मी म्हटलं, "यांना काम आहे. आम्हाला जमणार नाही."
हे का म्हटलं मी? सरळ सांगता आलं असतं, नाहीत म्हणून. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभी होते, यांना खरंच कुठे कामाला पाठवल्यासारखी.

११ जानेवारी
सु.चा फोन. वाटलं, सांगेल. वाट बघत होते. गुडघा, सून, गॅसवाला, सगळं झालं. मग म्हणाली, "अगं, ती कोपऱ्यातली केबिन छान दिसते फोटोत. तिथे सकाळी गरम पाणी मिळतं ना? फेब्रुवारीसाठी विचारतेय."
"नाही. मधली घे," मी म्हटलं.
"बरं झालं सांगितलंस."
मी विचारलं, "मग सतराला काय करतेस?"
"काय करणार? शेक घेत पडेन घरी."
खोटं बोलताना ती वाक्याच्या शेवटी जरा हसते. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरसमोर हसायची तशीच. सिस्टरना कधी कळलं नाही. मला दर वेळी कळायचं, आणि मी गप्प राहायचे, तिच्या बाजूनं.

१४ जानेवारी, संक्रांत
मोबाइलवर सु.चा तिळगुळाचा फोटो. गोड गोड बोला. मी पण पाठवला.
आज सारखं शाळेचं फाटक डोळ्यांपुढे. कॉन्व्हेंटमध्ये टिकली चालत नसे. आत जाताना एकमेकींच्या टिकल्या काढून कंपासच्या झाकणाला चिकटवायचो, सुटल्यावर ती माझ्या कपाळाला लावायची. आरसा लागला नाही कधी.
आणि हे गेले त्यानंतर, तेराव्याला, माझ्या जाऊबाई आणि सगळ्या बसलेल्या असताना हीच सुलभा पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर बसली होती. "हिला मी टिकलीशिवाय फक्त शाळेत बघितलंय," म्हणाली आणि लावली. कोणाची बोलायची हिंमत झाली नाही.
तीच ही. मग पालला मी का चालले नाही?

१७ जानेवारी
सकाळी चहा दोनदा केला. दोनदाही गार झाला.
शेजारच्या आल्या होत्या, "आज जाणार होत्या ना कुठेशी?" म्हटलं, मैत्रिणीचा गुडघा.
म्हणजे तिचं खोटं आता मीही सांगतेय.
दुपारी खिचडी. आता वांगी भाजत असतील. दिनेशराव काड्या सारत असतील, त्यांना चुलीपाशी बसायला आवडतं. यांनाही आवडायचं. भरिताला हे मिरची स्वतः ठेचायचे, आणि मग दिवसभर डोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून नाक माझ्याकडून पुसून
पुरे.

२० जानेवारी
सु. आली. चालत आली, चांगली ठणठणीत. तिळगुळ, आणि डब्यात भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. "दिरांच्या शेतावर केलं होतं. म्हटलं, नलूला आवडतं."
मी म्हटलं, "मधल्या केबिनला पाणी गरम आलं का?"
ती बसलीच खाली. मग खूप बोलली. तिघींनी हट्ट धरला, नवऱ्यांनी उचलून धरलं, तारीख हातात होती. "नलू, तुला वाईट वाटू नये म्हणूनच गं. वाण लुटायचं होतं. उखाणे घेतले सगळ्यांनी. तू काय केलं असतंस तेव्हा?"
"ऐकले असते. वाईट असते तर हसले असते."
"आणि तुझी पाळी आली असती तर?"
"घेतला असता. यांचं नाव काही यांच्याबरोबर गेलेलं नाही."
ती रडायला लागली. मी पाणी दिलं. तिचं रडणं मला बघवत नाही, ही माझी अडचण. पण जवळ बसले नाही.
जाताना म्हणाली, "त्या तिघींना अवघडल्यासारखं झालं असतं. मला नाही."
"मग त्यांना सांगायचंस ना तसं. तेराव्याला सांगितलंस तसं."
 चप्पल घालायला तिला वेळ लागला.
भरीत खाल्लं. धुराचा वास छान होता. राग असून दुसरी पुरीही घेतली.

२ फेब्रुवारी
तेरा दिवसांत फोन नाही. आज मेसेज. सात तारखेची मधली केबिन घेतलीय, फक्त आपण दोघी. सकाळी गाडी घेऊन येते. नाही म्हणू नकोस.
लेकीला पुण्याला फोन करून सांगितलं. "आई, जा. सोड ना आता. चूक झाली त्यांची." दहा मिनिटांनी तिनंच परत फोन केला, "किंवा नको जाऊस. मी नाही सांगत." शहाणी आहे.

६ फेब्रुवारी, शुक्र.
बॅग भरली आहे. भरताना म्हणत होते, भरून ठेवायला काय हरकत आहे.
संध्याकाळी सु.चा फोन. आवाज पूर्वीसारखा, शाल घे, रात्री फार गारठा पडतो तिथे. मग तिलाच उमगलं आपण काय बोललो ते.
मी म्हटलं, "एक विचारू? आपण जातोय ते त्या तिघींना सांगितलंस?"
"त्यांना कशाला सांगायचं? उगाच त्यांना वाटेल..." अर्ध्यावर थांबली.
"काय वाटेल?"
 दिनेशराव मागे टीव्ही लावून बसले होते, बातम्या ऐकू येत होत्या. मीही फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. बातम्या संपून जाहिराती लागल्या.
शेवटी ती म्हणाली, "मी सकाळी सातला येते, नलू. खाली उभी राहीन. हॉर्न वाजवणार नाही. तुला वाटलं तर उतर."