आता ऐकून तपासतो

१९ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

उन्हाळ्यापासून तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही, माफ कर. फोनवर आपण बोलतो, पण ते बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘पोरं काय म्हणतात’ यापलीकडे जात नाही, आणि त्यात माझी सोयच होती. कामात होते असं लिहिणार होते. पण ऑफिसच्या कामाने माझी रोजनिशी कधी अडली नाही, मग तुझं पत्र तेवढं कसं अडेल? खरं कारण पुढे येईल. रागवायचं तर सगळं वाचून झाल्यावर रागव.

मालकाशी वाजलं म्हणून दादाने छापखान्यातली नोकरी सोडली, असं आम्ही तुला सांगितलं होतं. मालकाशी काही वाजलं नाही. दादाला दिसेनासं झालंय. एकदम नाही झालं. आधी नजरेच्या कडा गेल्या, मधलं राहिलं, नळीतून बघावं तसं. म्हणून तो मुद्रितं तपासत राहिला, एकेक शब्द पकडून, आणि दाराच्या चौकटीवर मात्र आपटत राहिला. वहिनी म्हणायची, यांना पानावरचा अनुस्वार दिसतो आणि पायातली बादली दिसत नाही. आम्ही हसायचो. मग मधलंही धुरकटलं. एका शालेय पुस्तकात एक परिच्छेद दोनदा छापून गेला, आणि त्या संध्याकाळी दादा स्वतःच मालकाच्या खोलीत गेला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय.

पावसाळ्यात वहिनीने त्याला एक जाहिरात वाचून दाखवली. बोलकी पुस्तकं तयार करणारी एक संस्था आहे. तिथे ध्वनिमुद्रण ऐकून चुका काढणारा माणूस हवा होता, वाचणाऱ्याने कुठे शब्द गिळला, कुठे वाक्य भलतीकडेच तोडलं, ते टिपणारा. अर्ज आवाजावर वाचता येईल अशाच फाइलमध्ये पाठवा, असंही लिहिलं होतं, कारण तो बघणाऱ्या बाईंनाच दिसत नाही. रविवारी दादा वहिनीचा हात धरून माझ्याकडे आला, खुर्ची चाचपून बसला आणि म्हणाला, मला रेझ्युमे करून दे. सगळं आयुष्य एकाच छापखान्यात, त्याला तो कधी लागलाच नव्हता. वहिनी म्हणाली, लग्नाच्या वेळी सासूबाईंनी केला होता की एक, त्यात ‘स्वभाव शांत’ लिहिलेलं, त्याचा पडताळा मला अजून यायचाय.

मी हौसेने बसले. ती हौस त्याच्यासाठी होती की माझ्यासाठी, हे मी अजून स्वतःला विचारते. दोन रकाने केले, डावीकडे फिकट निळ्या पट्टीत छंद आणि भाषा, उजवीकडे काम. वर एक तयार चित्रपट्टी घेऊन तिच्यात दादाचं नाव कोरल्यासारखं बसवलं. पीडीएफ करून त्याच्या फोनवर पाठवली. तुला माहीत नसेल, त्याच्या फोनमध्ये आता वाचून दाखवणारी एक बाई आहे. वहिनी तिला सवत म्हणते, दिवसभर यांच्या कानाला लागलेली असते म्हणून. तर त्या बाईने डावं-उजवं न बघता ओळ सरळ आडवी वाचली. ‘पोहणे वरिष्ठ मुद्रितशोधक, बुद्धिबळ शालेय पुस्तके विभाग प्रमुख.’ वहिनी म्हणाली, बुद्धिबळ विभागाचे प्रमुख, आणि घरात एक प्यादं हलवायचं तर मला विचारतात. दादा पोट धरून हसला. किती महिन्यांनी हसला म्हणून सांगू. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, “माझं नाव कुठंय?”

परत लावलं. बाई थेट पत्त्यापासूनच सुरू होत होती. नाव चित्रात होतं, आणि चित्रातली अक्षरं तिला वाचता येत नाहीत. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. दादा शांतपणे म्हणाला, बरोबर आहे, मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव पुस्तकात कोण छापतं?

मग मी ते सगळं मोडून टाकलं. एकच रकाना ठेवला, रंग नाही, चौकट नाही, नाव साध्या अक्षरांत सगळ्यांत वर. दादाची सही हवी म्हणून एकदा कागद छापून, सही घेऊन स्कॅन केला, तर आख्खं पानच चित्र झालं आणि बाई म्हणाली, ‘रिकामे पान.’ शेवटी सही सोडली आणि फाइलमधूनच सरळ पीडीएफ काढली. दादा डोळे मिटून ऐकायचा. बाई न थांबता पुढे गेली की म्हणायचा, इथे स्वल्पविराम राहिलाय, आणि तो राहिलेला असायचा.

अडलं ते एकाच ओळीवर. नोकरी सोडल्याचं कारण. मी ‘दृष्टी गेल्यामुळे’ लिहिलं होतं, त्याने काढायला लावलं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं, तर ऐकून म्हणाला, हे खोटं नाही, पण खरंही नाही. नंतर बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग प्रुफावर खूण करताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला, “लिही. आता ऐकून तपासतो. पूर्णविराम दे.” वहिनीसमोरसुद्धा तो हे कधी बोलला नव्हता. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्याला चाचणीसाठी बोलावलं, मीच घेऊन गेले. कानाला यंत्र लावून तो इतका ताठ बसला होता की मला आपला जुना दादा दिसला. संस्थेतल्या त्या बाईंनी त्याचं मनापासून कौतुक केलं. पण चुका स्वतः संगणकावर टिपून पाठवू शकणारा माणूस त्यांना लगेच हवा होता आणि दादाचं ते शिकणं अजून सुरूच झालेलं नाही. नकार आला तोही नीट वाचता येणाऱ्या फाइलमध्ये. फोनमधल्या बाईने तो बातम्या द्याव्यात तसा वाचला. दादाने परत एकदा लावायला सांगितला. मग मला विचारलं, “आपण पाठवलेल्यात माझं नाव होतं ना गं?” मी होतं म्हटलं. तो म्हणाला, मग झालं. तेव्हापासून दुसरी जाहिरात तो वाचू देत नाही. दाढी करायचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते. कधीतरी स्वतःहून फोन कर त्याला, पण मी सांगितलं म्हणून केलास असं दाखवू नकोस.

आता हे पत्र का, ते लिहिते. डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्तातून येतो, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. दादाने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मला बजावलं, बारक्याला सांगायचं नाही, बस चालवून तो चार माणसांचं पोट भरतो, त्याच्या हातातलं चाक काढून घेऊ नकोस. मी हो म्हटलं. स्वतः मात्र गुपचूप तपासून आले. माझे डोळे चांगले आहेत. ते ऐकून मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन माझी मलाच लाज वाटली, आणि तरी मी गप्प राहिले. परवा तू फोनवर सहज म्हणालास की रात्रपाळी बदलून मागतोयस, समोरून दिवे आले की डोळे दिपतात, मग रस्त्याची कड लवकर सापडत नाही, चष्म्याचा नंबर बदलला असेल. दादाचीही सुरुवात अशीच झाली होती. तुझं चष्म्याचंच असेल, असावं, दुसरं काही मागणं नाही माझं. पण तुझ्या पाठीमागे बसमध्ये तुझ्या भरवशावर माणसं झोपलेली असतात, म्हणून शब्द मोडतेय. मोडला हे दादाला मीच सांगेन. फोनवर ‘ताई, तुझं आपलं काहीतरीच’ म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून पत्र. तपासणी होईपर्यंत रात्रीची बस घेऊ नकोस, कारण काहीही सांग, माझ्या नावावर खपव. शनिवारी ये. आत जाताना मी बरोबर असेन, आणि बाहेर येताना जे काही असेल त्यातही मी बरोबर असेन.

तुझीच,
ताई

(रोजनिशीत) उद्या: डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून शनिवारची वेळ घेणे, बारक्याच्या नावाने.