करुणेची गुप्त पाहणी

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५. पिंप्राळा, जळगाव.

सकाळी हितेंद्रचा फोन. मी मास्तर होतो तेव्हाचा विद्यार्थी. आता धुळ्याच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलचा सेक्रेटरी आहे. एकोणीस तारखेला हॉस्पिटलचा वर्धापनदिन. त्या दिवशी एक कर्मचारी आणि एक स्वयंसेवक यांना सेवाभाव पुरस्कार द्यायचा आहे. 'सर, निवड समितीत याल का?' म्हणाला. म्हणजे निवड मीच करायची. विचार करून कळवतो म्हटलं. फोन ठेवायच्या आत विचार झाला.

शिक्षण विस्तार अधिकारी असताना मी शाळांना अचानक भेटी द्यायचो. एकाही शाळेला कधी आधी कुणकुण लागली नाही. प्रत्येक ठिकाणी पोहे तयार असत आणि पोरं भांग पाडून बसलेली असत, हा खानदेशी आदरातिथ्याचा भाग.

तर योजना अशी. पेशंट म्हणून भरती व्हायचं. करुणा आडवं पडल्याशिवाय तपासता येत नाही. हितेंद्रलासुद्धा सांगायचं नाही. जळगावात मला कोण ओळखत नाही? धुळ्यात ती अडचण नाही.

आजार: पोटदुखी, उजवीकडे, बरगडीखाली. तिथे दिवाळीपासून अधूनमधून दुखतंच, म्हणून अभिनयाला आधार मिळेल. गॅस आहे. सुनंदा म्हणते गॅस नाही, डॉक्टरला दाखवा. तेव्हापासून मागे लागलीय. आज योजना सांगितली तर तिने लगेच होकार दिला आणि बॅगही काढली. हिला माझं इतक्या लवकर कधी पटत नाही. योजनेतच दम आहे.

रविवार, ५ जानेवारी.

आरशासमोर कण्हण्याची तालीम. सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. तालीम आहे म्हटल्यावर परत गेली, पण दारातून दोनदा वाकून बघितलं.

दुपारी शेजाऱ्यांकडे भरीत. तेल सुटलेलं, हिरव्या मिरचीचं. पाहणीच्या आधी अंगात ताकद हवी म्हणून तीनदा वाढून घेतलं. चारच्या सुमाराला दुसरी तालीम आपोआप झाली. ही पहिलीपेक्षा सरस.

संकल्प: पाहणीत चिडायचं नाही. आपण करुणा तपासायला चाललोय.

सोमवार, ६ जानेवारी. धुळे.

एसटीत खिडकी मिळाली नाही. कंडक्टरला सौम्य शब्दांत बोललो. तो संकल्प हॉस्पिटलपुरता होता.

डॉक्टर सारिका, वयाने लहान. सुनंदाला विचारलं, किती दिवस दुखतंय. सुनंदाने दिवाळीपासून सगळं सांगितलं. जेवण कसं सुटलं, पँट कशी सैल झाली, हे ऐकतच नाहीत. बोलता बोलता डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. इतक्या वर्षांच्या संसारात हिच्यातली ही कला माझ्या ध्यानात आली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं. मी ओरडलो. थोडी अतिशयोक्ती झाली, पण त्यांना पटली. भरती करून घेतलं, रक्त घेतलं. खिडकीजवळची कॉट. पाहणीला मोक्याची.

मंगळवार, ७ जानेवारी.

सकाळपासून काम जोरात.

सिस्टर कामिनी. मूळची पिंपळनेरची. तिची सहनशक्ती तपासण्यासाठी बेल वाजवली. आली. काही नको म्हटलं. गेली. पुन्हा वाजवली. असं बऱ्याच वेळा केल्यावर तिने विचारलं, आबा, नक्की काय पाहिजे? म्हटलं, बेल चालते का बघतोय. ती म्हणाली, चालते. चेहऱ्यावर राग नाही. गुण द्यावे तर जाताना हसली. कापले.

निंबाभाऊ, स्वयंसेवक. कापडण्याकडचे शेतकरी, शेत मुलाच्या हाती दिलंय, इथे येऊन व्हीलचेअर ढकलतात. मला सोनोग्राफीला नेताना एका म्हशीचा किस्सा सांगितला. हसून हसून पोटात कळ आली. पेशंटला इजा. गुण कापले. तरी म्हैस शेवटी कोणाच्या घरात निघाली ते ऐकायचं राहिलं. परतीच्या फेरीला मुद्दाम त्यांनाच बोलावलं. पाहणी म्हणून.

जेवणाला खिचडी. मीठ बेताचं. हे सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. कौतुक चारचौघांत करावं म्हणतात, मग सूचना का करू नये?

अंगात कणकण आहे. वॉर्डाचा पंखा.

बुधवार, ८ जानेवारी.

गडबड झाली.

डॉक्टर सारिका रिपोर्ट घेऊन आल्या. पित्ताशयात खडे आहेत, सूज आहे, ताप त्यामुळेच. उद्या ऑपरेशन. मी मनात म्हटलं, बाई, माणूस ओळखायला चुकलीस. खोटा पेशंट, त्याला खरा आजार कुठून आला?

नाइलाजाने गुप्तता सोडली. सांगितलं, मी पेशंट नाही. तुमच्या सगळ्यांची निवड करणारा परीक्षक आहे.

त्यांनी तापाचा कागद बघितला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, बाबा, आज वार कोणता? मी बाणेदारपणे म्हटलं, मंगळवार. बुधवार निघाला. आता तुम्ही कुठे आहात? म्हटलं, पाहणीवर. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

हितेंद्रला फोन लावला. लागेना. सुरतेला लग्नाला गेलाय म्हणे. साक्षीला सुनंदाच उरली. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला नेऊन विचारलं. ती म्हणाली, हो, हे शुक्रवारपासून असंच म्हणताहेत. खरं आहे की नाही ते बोललीच नाही. नंतर जाब विचारला, तर म्हणाली, सही करा.

सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. पेन हॉस्पिटलचं होतं.

शुक्रवार, १० जानेवारी.

ऑपरेशन काल झालं. आज लिहितोय, आडवा.

नोंदीसाठी: मी घाबरलो नव्हतो. थिएटरबाहेर स्ट्रेचरवर दात वाजत होते, पण तिथे एसी फार असतो. सुनंदा आत येऊ शकत नव्हती. ती दाराबाहेर माझा चष्मा धरून उभी होती, आणि चष्म्याशिवाय मला ती नीट दिसत नव्हती. एवढ्यात कामिनी सिस्टर आली. माझा हात हातात घेतला आणि वाकून म्हणाली,

'आबा, घाबरू नका. मी आठेच शे.'

तिच्या अहिराणीत, इथेच आहे. मी घाबरलेलो नाही असं सांगितलं. ती हो म्हणाली. हात काही सुटला नाही. तिने धरला होता असं लिहिणार होतो, पण स्ट्रेचर दारातून आत जाईना तेव्हा बोटं माझीच सोडवावी लागली.

आज कळलं की काल तिची सुट्टी होती. ड्युटी नसताना वॉर्डात वावर. नियमभंग. गुण कापायला हवेत.

अजून कापलेले नाहीत.

डॉक्टरांनी खडे एका बाटलीत घालून दिले. सुनंदा बाटलीकडे बघत बसली आणि रडली. हा अभिनय नसावा, बघायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, अगं, निघाले ना आता. ती म्हणाली, दिवाळीपासून गॅस गॅस करत होतात, काही झालं असतं तर मी कोणाशी भांडले असते? मी बाटलीतले खडे दोनदा मोजले, आकडा वेगळा आला. गुंगीचा परिणाम.

रविवार, १२ जानेवारी. पिंप्राळा.

घरी. पथ्य: तेल नाही, तूप नाही, भरिताचं नाव नाही.

सगळ्या बाजूंनी विचार करून निकाल ठरवला. एकही उमेदवार कसोटीला पूर्ण उतरत नाही. पुरस्कार यंदा राखून ठेवावा. याने पुरस्काराची उंची वाढते, आणि परीक्षकाचीही.

हितेंद्रला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, सर, समितीत आपण तिघं होतो. तुमचा फोन लागला नाही म्हणून बाकीच्या दोघांनी गुरुवारी निवड करून टाकली. कामिनी सिस्टर आणि निंबाभाऊ. पण कार्यक्रमात मानपत्रं तुम्हीच वाचा, तुमच्यासारखा आवाज कोणाचा नाही.

गुरुवारी मी टेबलावर होतो. ते त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं, आवाज बारीक का येतोय? म्हटलं, पाहणीचा ताण.

वाचन तसं निवडीपेक्षा मोठं काम. निवड बंद खोलीत होते.

बुधवार, १५ जानेवारी.

काल संक्रांत. तिळगूळ सर्वांना, मला मुगाचं पाणी. गोड बोलायला मात्र सांगून गेले.

मानपत्रं हितेंद्र व्यासपीठावरच हातात देणार आहे. मी मध्ये स्वतःचे दोन शब्द करुणेवर घालीन म्हणतो. सुनंदा म्हणते, जे लिहिलंय तेवढंच वाचा.

रविवार, १९ जानेवारी. परतीची एसटी, मग घर.

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

मांडव, हार, तीन भाषणं. निंबाभाऊंचं मानपत्र उत्तम वाचलं. टाळ्या. ते शाल घेऊन खाली उतरले आणि तीच शाल पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीच्या पायांवर टाकून मागे जाऊन बसले. मग कामिनी सिस्टरचं घेतलं. सुरुवातीचं सगळं नेहमीचं, पिंपळनेरसारख्या गावातून, कष्टाने वगैरे. दुसऱ्या परिच्छेदात आवाज चढवला:

'एक रुग्ण दिवसभर विनाकारण बेल वाजवी, जेवणाला नावं ठेवी, आणि आपण कोणीतरी मोठे आहोत असं येईल त्याला सांगे. अशा रुग्णाचीही सिस्टरांनी एका शब्दाने न दुखावता सेवा केली.'

लोक हसले. मीही हसलो. काय एकेक नमुने असतात, असं मनात आलं. पुढच्या ओळीला पोचलो आणि पहिली ओळ मागून येऊन डोक्यात शिरली.

आवाज गेला. कागद दिसेना. सरांना गहिवरून आलं, असं कोणीतरी माईकजवळ म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात. उरलेलं मानपत्र हितेंद्रने वाचलं. कामिनी सिस्टर शाल घ्यायला आली तेव्हा माझ्या पायाशी वाकली. मी आशीर्वाद द्यायला विसरलो.

एसटीत सुनंदाला विचारलं, तो पेशंट मी होतो का? तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

सोमवार, २० जानेवारी.

दिवसभर जेवण गेलं नाही. जेवण तसंही पथ्याचंच.

संध्याकाळी मात्र विचारांना दिशा मिळाली. माणूस चुकतो. पण चूक कबूल करायला छाती लागते, आणि ती माझ्याकडे आहे. उद्या टाके काढायला धुळ्याला जायचंच आहे. कामिनी सिस्टरची सर्वांदेखत माफी मागणार. सुरुवात: 'भगिनी, ज्याच्यामुळे तुमची करुणा सिद्ध झाली, तो अभागी रुग्ण तुमच्यासमोर उभा आहे.' इथे थांबायचं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यायचं.

त्यानंतर मी स्वतः स्वयंसेवक होणार. आठवड्यातून दोन दिवस धुळे. हॉस्पिटलच्या इतिहासातला सर्वांत अवघड पेशंट, आणि त्याचं असं परिवर्तन. पुढच्या वर्षीच्या समितीला उमेदवार शोधायला लांब जावं लागणार नाही.

भूक लागली. दोन फुलके खाल्ले.

मंगळवार, २१ जानेवारी. धुळे आणि परत.

टाके कामिनी सिस्टरनेच काढले. ड्रेसिंग रूम लहान. सर्वांदेखत म्हणजे एक बाई, तिच्या कडेवरचं मूल आणि सुनंदा. आडवा असल्यामुळे 'तुमच्यासमोर उभा आहे' हे बदलून 'पडलेला आहे' करावं लागलं. पण बोललो. सगळं बोललो. बेल, खिचडी, परीक्षक, सगळं.

ती चिमट्याने टाका ओढत ऐकत होती. शेवटी म्हणाली, आबा, ते कोणाबद्दल बोलताय? मानपत्रातल्या पेशंटबद्दल म्हटलं. तर ते पावसाळ्यात आलेल्या एका गृहस्थांबद्दल होतं. स्वतःला मंत्र्याचा साडू म्हणवायचे. बेल वाजवून वाजवून तोडली, आणि एकदा खिचडीचं ताट भिंतीवर मारलं. तो डाग तिने मला दाखवलासुद्धा. रंग दिलाय, तरी दिसतो.

मी म्हटलं, पण मी पण तर. बेल.

कापसाला स्पिरिट लावता लावता ती हसली.

'तुमी तं बठ्ठासारखाच व्हतात, आबा.'

म्हणजे सगळ्यांसारखाच. मग चिठ्ठीवर लिहायला माझं आडनाव विचारलं. धांडे, म्हणून सांगितलं. तेवढ्यात शेजारची बाई मुलाला घेऊन पुढे सरकली, आणि मला उठावं लागलं.

परिवर्तनाचा विषय निघाला नाही. स्वयंसेवकांचं हितेंद्रला विचारलं, तर म्हणाला, यादी भरलीय, नाव लिहून ठेवतो.

बाहेर बाकावर सुनंदाने पिशवी उचलली आणि विचारलं, झालं मनासारखं? म्हटलं, जखम भरलीय. उद्यापासून आंघोळ करायला हरकत नाही.