तिसऱ्या सॉफ्टवेअरचा अंदाज

५ मार्च
नवी नोकरी, खिडकीजवळचं टेबल आणि पगार असा, की धाकटा भाऊ कालपासून मला 'शेठाणी' म्हणतोय. आमची कंपनी लोकांना निवृत्तिवेतन देते. कुणाला किती वर्षं द्यावं लागेल, याचा अंदाज बांधायला मला तीन सॉफ्टवेअरमधून एक निवडायचंय. पहिलं फुकट, दुसरं महागडं. तिसरं इथलंच, कित्येक वर्षं बंद पडलेलं, तुलनेपुरतं. त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात. त्याचा हिरवा पडदा पाहून मला हसूच आलं.

७ मार्च
परीक्षा साधी आहे. जुनी आकडेवारी द्यायची, गेलं वर्ष झाकून ठेवायचं आणि त्या वर्षात कोण वारलं ते ओळखायला लावायचं. फुकटवालं ठीकठाक, महागडं जरा बरं. आजोबांनी माणूस न माणूस तारखेसकट ओळखला. उत्तरं कुठून तरी आधीच पोचली असणार, म्हणून मग हयात असलेल्यांची यादी दिली. शिवाय माझी नेहमीची खोड, उत्तर ठाऊक असलेली एक ओळ मुद्दाम घुसवायची. धाकट्याची घुसवली. सव्वीस वर्षांचा, चांगला धडधाकट. त्याच्यापुढे आलं, १५ मार्च. घरी सांगितलं तर म्हणतो, मग त्याआधी नवे बूट घेऊन दे.

११ मार्च
यादीतले चौघे गेले. दिलेल्या तारखांनाच.
शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंना विचारलं. हयात माणसं दिलीस का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "ते कधी चुकलंच नाही गं. म्हणून तर बंद केलं होतं."
धाकट्याचं नाव मी त्यांना सांगितलंच नाही.

१२ मार्च
त्याची ओळ पुसली. रिकामी जागा अशी सॉफ्टवेअर स्वतःच भरून काढतात, सरासरी वगैरे धरून. आजोबांनी पुन्हा धाकट्यालाच भरलं. तारीख मात्र एक दिवस अलीकडे आली. १४.
साहेबांना सांगितलं. ते खूश. एवढी अचूकता अहवालात ठळक लिहा म्हणाले.

१३ मार्च
धाकट्याला ताप. डॉक्टर म्हणतात, साधाच आहे. मला भीती वाटतेय, फार भीती वाटतेय. पुन्हा पुसली ओळ — पुन्हा तोच —

१४ मार्च
त्याला श्वास घेता येत नाहीये. ओठ निळे. रुग्णवाहिका निघालीय म्हणतात, अजून —
ऑफिसचा लॅपटॉप त्याच्या उशाशी घेऊन बसलेय. रिकामी ओळ आजोबांना चालत नाही. कुणीतरी हवंच. मग त्याच्या नावाच्या जागी माझं —

टाकलं.

श्वास मोकळा झाला. उठून बसला माझा राजा. भूक लागलीय म्हणतो. मी रडतेय, हसतेय —

तारीख बदललेली नाही. आजचीच आहे.
तो स्वयंपाकघरात गेलाय. भांडी वाजतायत. हात जड — छाती — त्याला हाक मारायला तोंड उघ